यमुना बँकचा बाक

आई, तुमच्या पुण्यानुमोदनाला मला खुर्ची मिळाली.

घरच्यांसाठी सतरंजी होती, पाहुण्यांसाठी खुर्च्या. दिल्लीच्या कडेला, वैशालीतल्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी चपला काढून सवयीनं सतरंजीकडे वळले, तर तुमच्या नागपूरच्या जाऊबाईंनी माझं कोपर धरलं आणि मोठ्या मायेनं म्हणाल्या, "अगं कविता, तू कशाला खाली बसतेस? वर बस ना आरामात." बसले. पांढरी प्लास्टिकची खुर्ची, तिसरी रांग. शेजारी निलेशच्या मानेसरच्या कंपनीतले कुणी साहेब होते. त्यांनी हळूच विचारलं, "आप भी कंपनी से?" मी म्हटलं, "नहीं जी, मैं मेट्रो से." त्यांना काही कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं आणि तुम्ही पदर तोंडाशी धरून हसला असतात.

समोर दोन्ही तसबिरींपुढे मेणबत्त्या होत्या, बाजूला तुमचा फोटो. भंतेजींचा पाठ चालू होता आणि जलदानाचं पाणी ओतलं जात होतं. तांब्याला तीन हात लागले होते. तुमचा मुलगा निलेश, जो एकेकाळी माझा नवरा होता. आमची मुलगी आर्या. आणि स्नेहल, निलेशची आताची बायको. स्नेहलचा हात सगळ्यात वर होता. लोक डोळे मिटून बसले होते, मी उघडे ठेवून तेवढंच बघत होते.

माझ्या पोटात दुखत होतं, आई. दुःख होतंच, पण दुखत होतं ते वेगळं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. लहानपणी बहिणीला नवी रिबीन आणली तर मला ताप यायचा. तेव्हा उगाच मोठेपणाचा आव आणत नाही. तुम्ही गेलात याचं जेवढं रडू आलं, त्याहून जास्त तुम्ही तिच्या हातात गेलात याचं आलं. शेवटचं पाणी तिनं पाजलं, तुमचे केस तिनं विंचरले. तुमची ती पांढरी, निळ्या काठाची साडी कपाटातून तिनं काढली, आणि बरोबर तीच काढली, याचाही मला राग आला. चुकीची काढली असती तर निदान बोलायला काही मिळालं असतं.

शिवाय ती तुम्हाला 'तू' म्हणायची. "आई, तू बस गं, मी करते." मी तुमच्या घरात नांदले तेव्हा 'तुम्ही'च म्हटलं, नंतर बाकावर भेटत राहिलो तेव्हाही 'तुम्ही'च. माझ्या जिभेला ते वळण पडलं होतं आणि तुम्हीही कधी मोडलं नाहीत. आणि ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली पोरगी आली आणि पहिल्या आठवड्यात 'तू' करून मोकळी. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

आता लोक म्हणतील, घटस्फोट घेतलेल्या बाईला सासूचा एवढा पुळका कशाचा. लोकांना नवरा आणि सासू एकाच गाठोड्यात दिसतात. माझं तसं नव्हतं, आणि तेच मला कोर्टात कुणाला सांगता आलं नाही. निलेश वाईट नव्हता. मारझोड नाही, बाहेर भानगड नाही. तो अंधारात कंपनीची बस पकडून मानेसरला जायचा आणि परत यायचा तेव्हा त्याच्याकडचे शब्द संपलेले असायचे. माझ्याकडचे दिवसभर साठलेले असायचे. ते मी तुमच्यापाशी ओतायचे. तुम्ही रिजच्या टेकडीवरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नर्स होतात, रिटायर झालात तरी घर वॉर्डसारखंच चालवायचात. कणीक मळता मळता माझ्या ऑफिसातल्या एकेका साहेबाचं निदान करायचात. "याला काही नाही, फक्त बायको घरी बोलू देत नाही," म्हणायचात. मी हसून हसून ओट्याला टेकायचे. मग निलेश घरात यायचा आणि आम्ही दोघी गप्प व्हायचो. असा संसार किती दिवस चालणार?

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आर्याचा आला आणि दुसरा तुमचा. आर्यासाठी कोर्टात शब्द आहेत. ताबा, भेटीचे दिवस, सुट्ट्या. तुमच्यासाठी एकही नव्हता.

कोर्टानं आम्हाला मीडिएशनला पाठवलं. मागच्या इमारतीतली ती खोली तुम्हीही पाहिलीत. गोल टेबल, कागदी फुलं, आणि मीडिएटर मॅडम, बॉबकट केलेल्या, आवाज अगदी मऊ, पण नजर अशी की खोटं बोलणारा आपोआप पाण्याचा ग्लास उचलायचा. कधी दोघांना समोर बसवायच्या, कधी एकेकाला आत घेऊन दार लावायच्या. आत जे बोललं जाईल ते परवानगीशिवाय दुसऱ्याला कळणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. आणि एक नियम त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. "सुझाव किसका है, ये मत पूछिए. अच्छा है या नहीं, बस ये बताइए. मालिक का नाम पता चलते ही अच्छा सुझाव भी बुरा लगने लगता है." तेव्हा मला वाटलं, काय पण बाई आहे. आता वाटतं, तिनं आमच्यासारखी बरीच माणसं पाहिली असणार.

बाकी सगळं सुटत गेलं. आर्या माझ्याकडे मयूर विहारला राहणार, शनिवार-रविवार वैशालीला बापाकडे. पण तिला न्यायचं-आणायचं कुणी, यावर आम्ही अडून बसलो. मी त्याच्या दारात पाऊल टाकणार नाही म्हटलं, तो माझ्या दारात येणार नाही म्हणाला. एवढ्या मोठ्या गोष्टींवर शहाण्यासारखे वागलेले आम्ही दोघं त्या एका गोष्टीवर लहान मुलांसारखे भांडलो. त्या दिवशी तुम्ही आर्याला घेऊन बाहेर बसला होतात. आमचे आवाज बाहेर आले असणार, कारण दारावर टकटक झाली आणि तुम्ही आत डोकावून म्हणालात, "मॅडम, मुझे भी थोड़ा बोलना है. अकेले में."

मॅडमनी आम्हा दोघांकडे पाहिलं. निलेशनं मान हलवली, मीही हलवली. कित्येक दिवसांत आमचं एकमत झालं ते तेवढंच.

तुम्ही आत, आम्ही बाहेर, मध्ये आर्या चित्रं काढत. मी त्या बंद दाराकडे बघत होते. वाटत होतं, तुम्ही माझी गाऱ्हाणी सांगताय. मी उलट बोलते, दूध उतू घालवते, रुसले की जेवत नाही. गंमत अशी, की भीतीपेक्षा मला हेवाच जास्त वाटला. त्या बॉबकटवाल्या बाईचा. तुमच्या मनातलं जे मी इतकी वर्षं ऐकायला टपले होते, ते ती फुकटात ऐकत होती.

तुम्ही चष्मा पुसत बाहेर आलात. मी विचारलं, "काय बोललात, आई?"

"तिथलं तिथेच ठेवायचं असतं ना? मॅडमनी सांगितलंय." मग म्हणालात, "पेशंटची गोष्ट वॉर्डाबाहेर नेत नाहीत."

"पेशंट कोण पण?"

"चल, चहा पिऊ."

निलेश गाडी काढायला गेला आणि गेटबाहेरच्या टपरीवर आपण दोघी उभ्या राहिलो. तुम्ही अशाच इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होतात. गुडघ्याचं दुखणं, मेट्रोतली गर्दी. मध्येच विचारलंत, "वैशालीहून तुझ्याकडे यायचं तर गाडी बदलावी लागते ना गं?" मी म्हटलं, हो, यमुना बँक स्टेशनवर. "तिथे बसायला बाक आहेत का?" आहेत की, मी म्हटलं. "मग बरं आहे," म्हणालात आणि कप ठेवला. मला वाटलं, माझं भाड्याचं घर बघायला यायचं मनात आहे. मी घरी जाऊन एक पडदासुद्धा विकत आणला.

पुढच्या वेळी मॅडमनी मला एकटीला आत घेतलं. "एक सुझाव है. बच्ची को दादी लाएँ, दादी ले जाएँ. आप दोनों में से किसी को किसी के घर नहीं जाना. बीच में, यमुना बैंक स्टेशन पर."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अच्छा, म्हणजे तो बाकाचा प्रश्न यासाठी होता! लेकाची सोय बघत होतात. त्याला माझं तोंड बघायचं नाही, म्हणून म्हाताऱ्या आईला पुढे करतोय, आणि आई निघाल्या त्याच्यासाठी स्टेशनची पाहणी करायला. मी इतकी चिडले की लगेच हो म्हटलं. म्हटलं, पाठव, बघू किती दिवस पाठवतोस. आणि चिडलेली असूनही, कबूल करते, आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दर आठवड्याला दोनदा तुम्ही मला मिळणार होतात, आणि ते मला मागावंही लागलं नव्हतं.

मग तो बाक सुरू झाला.

त्या प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला वैशालीची गाडी लागायची, दुसऱ्या बाजूला माझी, मयूर विहारवरून नोएडाकडे जाणारी. रविवारी संध्याकाळी तुम्ही आर्याचं बोट धरून यायचात, बाकावर टेकायचात आणि तुमची जुनी सवय चालू व्हायची. ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंट सोपवते तसं. "हं, चार्ज घे. जेवण झालंय, भात जास्त, भाजीला तोंड लावलं नाही. सर्दी आहे, ताप नाही. डावा गुडघा खरचटलाय, धुतलाय. रडली नाही. एकदा तुझी आठवण काढली."

ते शेवटचं वाक्य कधी चुकलं नाही. मला दाट संशय होता की ते तुम्ही पदरचं घालता. तरी मी त्याच्यासाठी कान देऊन बसायचे.

चार्ज दिल्यावर खरं तर काम संपायचं. पण तुमची पिशवी उघडायची. पुडाच्या वड्या निघायच्या, एखादं लिंबाचं लोणचं निघायचं. वैशालीची गाडी यायची, तुम्ही म्हणायचात, "जाऊ दे, गर्दी आहे." पुढची रिकामी यायची, तर म्हणायचात, "ही कशी पकडणार, दार बंद होत आलं." आर्या कंटाळून पाय आपटायची. "आजी, ये वाली भी छोड़ दी?" आणि तुम्ही तिच्या तोंडात वडी कोंबायचात.

एकदा जूनच्या उन्हात, अंगाची काहिली होत असताना, तुम्ही जिना उतरून आलात आणि मला तुमचे सुजलेले पाय दिसले. माझा तोल गेला. "त्याला पाय नाहीत का? स्वतः घरात एसीत बसतो आणि तुम्हाला पाठवतो हमालासारखं! आणि तुम्ही येता! आई, तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूनं?"

तुम्ही पाण्याची बाटली उघडलीत, आर्याला पाजलंत, मग स्वतः प्यायलात. "इकडे वैशाली, तिकडे नोएडा, मी मधोमध बसलेय. दिसत नाही का?"

मला ते उत्तर मुळीच आवडलं नाही. मला तुम्ही मधोमध नको होतात, माझ्या बाजूला हव्या होतात. तुम्ही 'त्यानं पाठवलं नाही' असंही म्हणाला नाहीत. नुसत्या हसलात. ते भांडण आपलं अर्धवटच राहिलं.

स्नेहलची बातमीही त्याच बाकावर दिलीत. "निलेशचं ठरतंय," म्हणालात, समोरच्या रुळांकडे बघत.

"चांगलं आहे," मी म्हटलं. मग माझ्याच्यानं राहवेना. "स्वयंपाक येतो का?"

"शिकेल."

"नोकरी?"

"करते."

"तुम्हाला काय म्हणते?"

तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. तुमच्या डोळ्यांत ते नर्सचं हसू होतं, इंजेक्शनच्या आधीचं. "अजून काही म्हणत नाही," म्हणालात.

आई, खरंच सांगते, निलेशचं मला काही वाटलं नाही. निलेश तिनं खुशाल न्यावा, सुखानं नांदावं. पण निलेशबरोबर तुम्ही तिला अशाच कशा काय मिळत होतात? दिवसाचे सगळे तास, चहाच्या वेळा, दुपारची सिरीयल, कणीक मळतानाच्या गप्पा! मी तुम्हाला आठवड्यातून दोनदा, गाड्या सोडत सोडत मिळवत होते आणि तिला तुम्ही रोज समोर होतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. तिनं काय केलं होतं त्यासाठी? फक्त लग्न. ते तर मीही केलं होतं.

मग आर्या मोठी झाली. आठवीत गेली आणि तिनं स्वतःचं मेट्रो कार्ड मागितलं. "मम्मा, आजी को क्यों तंग करते हो यार, मी एकटी जाईन ना." बरोबरच होतं तिचं. सगळ्यांनी मान्य केलं, तुम्हीसुद्धा. आपण शेवटचं त्या बाकावर कधी बसलो ते मला आठवत नाही, कारण ते शेवटचं आहे हे मला माहीतच नव्हतं. तुम्हाला माहीत असेल. तुम्ही बोलला नाहीत.

त्यानंतर फोन उरला. फोनवर तुम्ही निम्म्या झालात. मागे टीव्ही चालू असायचा आणि स्नेहलचा आवाज यायचा, "आई, तू औषध खाल्लं का?" औषध खाल्लं! मराठीत औषध खातात का? माझ्या बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तिथल्या तिथे सुधारणाऱ्या तुम्ही, तिला मात्र गोड आवाजात उत्तर द्यायचात, "हो गं, खाल्लं." मी एकदा म्हटलंच, "काय मराठी बोलते ती, आई!" तुम्ही म्हणालात, "मनापासून बोलते." मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

मी वैशालीला आले नाही. तुम्हीही कधी 'ये' म्हणाला नाहीत. कुणाचा हट्ट मोठा, हे आपण आता कुणाकडून ठरवून घ्यायचं? त्या मॅडमकडे न्यायला हवं होतं हे प्रकरण.

हॉस्पिटलात आले तेव्हा दारावरच्या सिस्टरनं विचारलं, "आप पेशेंट की क्या लगती हैं?" मी तोंड उघडलं आणि काही सुचेना. शेवटी म्हटलं, "इनकी पोती की मम्मी." तिनं मला भेटायला येणाऱ्यांच्या बाकावर बसवलं. सून आत होती ना, मग दुसरी कशाला?

थोड्या वेळानं स्नेहल बाहेर आली. डोळ्यांखाली काळं झालेलं, केस कसेतरी बांधलेले. माझ्या शेजारी बसली आणि काही न विचारता सांगायला लागली. "सकाळपासून ताप नाही. डावा हात हलत नाही. दोन चमचे पाणी गेलं. पाठ पुसलीय, कुठे लाल झालेलं नाही." मग थांबून म्हणाली, "आणि एकदा तुमची आठवण काढली."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तोच क्रम, तेच शेवटचं वाक्य. म्हणजे तुम्ही तिलाही शिकवलं होतंत! मला वाटत होतं, ते आपल्या दोघींचं आहे, बाकावरचं आहे. त्या क्षणी मी जेवढी जळले तेवढी तिच्या लग्नाच्या दिवशीही जळले नव्हते. आणि मग माझ्या लक्षात आलं, की तुमची वाचा तर आदल्या दिवशीच गेली होती. आठवण काढायला तुमच्यापाशी शब्दच नव्हते. तिनं ते पदरचं घातलं होतं, हुबेहूब तुमच्यासारखं. मी तिचा हात धरला. धरावाच लागला. पण जळणं थांबलं असं समजू नका.

हे सगळं पोटात घेऊन मी परवा त्या खुर्चीवर बसले होते. विधी संपला, जेवणं सुरू झाली. हात धुवायच्या नळापाशी निलेश भेटला. केस पांढरे झालेत त्याचे. "आलीस, बरं वाटलं," म्हणाला. आमच्यात इतकं मोठं वाक्य बऱ्याच वर्षांनी झालं. मी तेवढ्यावर ठेवायला हवं होतं. पण तुमचे ते सुजलेले पाय माझ्या डोळ्यांपुढे आले.

"एक बोलू? राग आला तर येऊ दे. त्यांना तू इतकी वर्षं त्या मेट्रोनं फिरवलंस. गुडघे बघितले होतेस का त्यांचे? स्वतः आला असतास तर काय बिघडलं असतं?"

तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जणू मी दुसऱ्याच कुणाशी बोलतेय.

"मी फिरवलं? अगं, ती तुझी अट होती ना?"

"माझी?"

"मॅडमनी मला आत बोलावून सांगितलं, एक सुझाव है, दादी लाएँ, दादी ले जाएँ. मला वाटलं, तुला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही. म्हणून हो म्हटलं." तो नळ बंद करायचा विसरला होता. "मी दर शनिवारी आईला म्हणायचो, तू राहू दे, मी जातो. ती म्हणायची, ठरलंय तसं होऊ दे. मला वाटायचं, तुझा शब्द पाळतेय."

आम्ही दोघं गप्प झालो. लग्नातही आम्ही असेच गप्प असायचो, पण या वेळी दोघंही एकाच गोष्टीचा विचार करत होतो. स्नेहल खिरीच्या वाट्या घेऊन मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण तिनंच विचारलं, "मग मागितलं कुणी होतं?"

आम्ही तिघांनीही मान वळवली. हॉलच्या त्या टोकाला तुमचा फोटो होता. ड्यूटीवरचं घड्याळ लावलेला, ओठ मिटलेला. पेशंटची गोष्ट वॉर्डाबाहेर न नेणारा.

स्नेहलचा चेहरा पडला. क्षणभरच, पण पडला. तो चेहरा मला चांगला ओळखू येतो, मी तो इतकी वर्षं आरशात बघत आले आहे. तिनं एक वाटी माझ्या हातात दिली आणि स्वतःची तशीच बाजूला ठेवून आत गेली. मी खीर शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ली. तुम्हाला सांगायला लाज कसली, इतकी गोड खीर मी बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती.

आर्या दोन दिवस बापापाशी राहणार होती. मी एकटीच निघाले आणि यमुना बँकला उतरले. माझी गाडी समोर लागली होती, ती मी सोडली. आपल्या बाकावर एक मुलगा हेडफोन लावून बसला होता. त्याच्या शेजारी बसले आणि मनातल्या मनात तुमच्याशी कडाकडा भांडले.

कारण हे तुम्ही बरं केलं नाहीत, आई. शनिवारी तुमचा मुलगा यायला तयार होता. आला असता तर काय झालं असतं, कोण जाणे. कदाचित काहीच नाही. कदाचित आम्ही दोघं या बाकावर बसून दोन वाक्यं बोलायला शिकलो असतो आणि आर्याला आई-बाप एका जागी दिसले असते. ती भेट तुम्ही त्याच्या वाट्याची काढून स्वतःकडे घेतलीत. त्याला वाटू दिलंत की मला तो नकोय, मला वाटू दिलंत की त्याला मी नकोय. मी हमालीवरून इतकी बोलले, तेव्हाही तोंडातून शब्द काढला नाहीत. मधोमध बसलेय म्हणे! कसल्या मधोमध? तुम्ही तर माझ्याहून वरचढ निघालात. मी नुसती जळत बसते. तुम्ही उठून, दार वाजवून, आत जाऊन हवं ते घेतलंत, आणि कुणाशी वाटूनही घेतलं नाहीत.

दोन गाड्या गेल्या. वारा सुटला होता. तो मुलगा उठून गेला, तेव्हा मी सरकून बाकाच्या तुमच्या टोकाला बसले. तिथून वैशालीच्या गाडीचा दिवा लांबून दिसतो, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तुम्हाला गाडी येतेय हे आधीच कळायचं, आणि तेवढ्यात तुम्ही पिशवीतून नवीन काहीतरी काढायचात.

स्नेहलनं तुमचं सगळं केलं. मी तिची ऋणी आहे आणि तिच्यावर जळतेही, आणि या दोन्ही गोष्टी मी मरेपर्यंत करीन. तिच्यापाशी तुमचे शेवटचे दिवस आहेत, तुमचं कपाट आहे, 'तू' आहे. पण तिला तुम्ही घराबरोबर मिळालात, आई. मला तुम्ही मागून घेतलंत. बंद दाराआड, एका परक्या बाईसमोर, जिथे सासूसाठी कायद्यात शब्दसुद्धा नव्हता, तिथे जाऊन तुम्ही म्हणालात की मला ही हवी आहे.

पुढच्या वर्षी तुमच्या स्मृतिदिनाला मला पुन्हा खुर्चीच देतील. देऊ देत. मी बसेन.